अहवालात दोन घरं

सोमवार, ३ मार्च

दादा,

हे पत्र तुझ्या नावाचं आहे, पण गाऱ्हाणं आपल्या सगळ्यांचं आहे. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये जन्मलेल्या, कारखान्याच्या शाळेत शिकलेल्या, कारखान्याच्या दवाखान्यात नाडी दाखवणाऱ्या आणि कारखान्याच्याच तारेतून जग बघणाऱ्या आपल्या सगळ्यांना दारं मिळाली आहेत, दारांना कड्याही आहेत, फक्त त्या लावून घ्यायची मुभा नाही. कामगारांच्या दोन खोल्यांना नाही आणि तुझ्या अधिकाऱ्यांच्या रांगेतल्या बंगल्यालाही नाही. तू दरवाजावर बसवलेला माणूस आहेस म्हणून बाहेर उभा आहेस, असं समजू नकोस.

आता तू म्हणशील, सुरू झालं हिचं भाषण. होय, झालं. दोन वर्षं माझ्याशी बोलला नाहीस, तेवढं साठलेलं आहे. सभागृहात मी स्टेजवरून तुला मालकाचा कान म्हटलं. तू पहिल्या रांगेतून उठलास, खुर्ची घडी करून भिंतीला लावलीस आणि निघून गेलास. ते शब्द मी आजही परत घेत नाही. संगणक विभागाचा प्रमुख झालास, अख्ख्या वसाहतीची इंटरनेटची लाइन तुझ्या खोलीतल्या यंत्रातून फिरवलीस, आणि कुणी काय पाहिलं याचा अहवाल रोज सकाळी कार्यालयाच्या भिंतीवर दिसू लागला. त्याला दुसरं काय म्हणायचं?

कागदावर लिहिते आहे, कारण कागद तुझ्या यंत्रातून जात नाही. वहिनींच्या पिशवीतून जातो.

स्टोअरकीपरचं काय झालं ते तुला माहीत आहे. दुसरीकडे कुठे जागा आहे का, एवढंच त्याने घरी बसून पाहिलं. कामगार अधिकाऱ्याने त्याला बोलावलं, चहा पाजला आणि हसत विचारलं, "मग, सामान बांधायला माणसं पाठवू?" तो तेव्हापासून संगणकावर टॉवेल टाकून ठेवतो. हसू नकोस. बायकोसुद्धा त्या टॉवेलसमोर हळू बोलते.

मला एक गोष्ट हवी आहे. कंपनीच्या संगणकात तू जो ब्राउझर घालून दिलास, तो मी सोडून दिला आहे. त्याचा पाया कशाचा आहे ते मी वाचलं. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेला, कुणालाही उघडून वाचता येणारा क्रोमियमचा कोड. वर तू एक खोली बांधलीस आणि तिला खिडकी ठेवली नाहीस. आम्ही टाइप केलेलं अक्षर अन् अक्षर त्या खोलीत जातं. लोकांनी बांधलेल्या रस्त्यावर तू नाका बसवलास. मग दुसऱ्या ब्राउझरने गेलं तर तुझ्या नाक्यावर काय दिसतं, एवढं सांग. शाळेतल्या एका बाईंसाठी विचारते आहे. त्यांच्या नवऱ्याला खोकला आहे आणि त्यांना बाहेरच्या डॉक्टरची माहिती हवी आहे.

खोटं लिहिलं. खोडत नाही, राहू दे. खोकला तुझ्या मेहुण्यांनाच आहे.

जिन्याच्या मधल्या वळणावर ते थांबतात आणि बुटाची नाडी बांधतात. नाडी सुटलेली नसते. पहिल्या पाळीहून आल्यावर आडवं होता येत नाही म्हणून खुर्चीतच डोळा लावतात, आणि मी समोर वह्या तपासत बसते, म्हणजे त्यांना वाटावं की माझं लक्ष नाही. आपल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "सिगारेट सोडा." हयातभर वेल्डिंग केलेला माणूस. ठिणगीखेरीज त्याने कशालाच आग लावलेली नाही.

महिनाअखेरीस वार्षिक तपासणी आहे. तीत 'व्यसनामुळे अपात्र' असा शेरा पडला की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की क्वार्टर गेलं. त्याआधी छातीच्या विकारांच्या संस्थेकडून लेखी हवं की हा आजार धुराचा आहे. संस्था वेळ देते ती फक्त आपल्या संकेतस्थळावर. तिथे खातं काढायचं, छातीचा फोटो चढवायचा आणि तारीख येईपर्यंत रोज डोकावायचं. खातं उघडताना मोबाईलवर आकडा येतो आणि तो तिथल्या तिथे भरावा लागतो, म्हणजे हे काम परक्या हाती देता येत नाही. आणि बाहेर आपलं आहे कोण? आपली माणसं या वसाहतीत आहेत, नाहीतर गेलेली आहेत. मोबाईलला सिग्नलची रेघ मिळते ती बोलण्यापुरती, तीही पाण्याच्या टाकीखाली. शहरात जायला रजा लागते, रजेला कारण लागतं, आणि खोटं कारण लिहिलं तर त्यावरूनच काढतात. राहिली तुझी तार.

उत्तर दे.

तुझी बहीण


मंगळवार, ११ मार्च

दादा,

उत्तर आलं नाही. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "वन्सं, मी पोस्टमन आहे, पत्रं पोहोचवते. वाचून घेण्याची जबाबदारी माझी नाही." वन्सं म्हणाल्या म्हणजे रागावल्या आहेत. एरवी मला नावाने हाक मारतात.

तू गप्प बसलास, म्हणून मीच अभ्यास केला. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या उमेदवारांचे जाहीरनामे वाचावेत तसे सगळ्या ब्राउझरांचे वाचले. कंपनीचा संगणक कपाटात ठेवला, कारण त्याच्यावर कुठलाही पाहुणा आणला तरी घर यजमानाचंच. शाळेने मोडीत काढलेला लॅपटॉप मी घेतला होता, तो बाहेर काढला. त्याची एक बिजागरी गेली आहे, म्हणून पाठीमागे शब्दकोश लावून उभा करावा लागतो. इतक्या दिवसांत शब्दकोशाचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला.

ब्रेव्ह पाहिला. जाहिराती आणि मागावर राहणारे हेर तो पहिल्या पावलापासून अडवतो, सांगावं लागत नाही. पण तोही तुझ्याच मातीचा, क्रोमियमचा. पोटासाठी त्यांचा स्वतःचा जाहिरातींचा उद्योग आहे. नको असेल तर त्यात शिरू नका, असं ते म्हणतात, आणि खरोखर शिरावं लागत नाही. तरी जाहिराती अडवणाऱ्यानेच जाहिराती विकाव्यात, हे माझ्या घशाखाली उतरलं नाही. फायरफॉक्स वेगळ्या मातीचा. मागे नफ्यासाठी नसलेली संस्था आहे, हे मला आवडलं. त्यांचा बराचसा खर्च एका बड्या शोधकंपनीशी केलेल्या करारातून निघतो, हे वाचून आवड थोडी कमी झाली. लिब्रवुल्फ म्हणजे तोच फायरफॉक्स, पण आपल्या मालकाकडे बातम्या धाडायची सवय स्वयंसेवकांनी काढून टाकलेला. माणसं थोडी, काम कष्टाचं. नवी आवृत्ती आली की नाही याकडे आपणच लक्ष ठेवायचं.

या सगळ्यांचा कोड उघडा आहे. मी वर्गात मुलांना सांगितलं की हे आतला स्वयंपाक दिसणाऱ्या खाणावळीसारखं आहे. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "पण बाई, आत जाऊन बघतं कोण?" मी तिला गप्प केलं नाही. प्रश्न बरोबर होता. बघायची सोय असणं ही अर्धी गोष्ट, आणि उरलेली अर्धी आपण बघण्याची. आपल्या वसाहतीत पहिली अर्धीसुद्धा नाही.

शेवटी मी फायरफॉक्स घेतला आणि त्याची खासगी खिडकी उघडली. जांभळी खिडकी, वर मुखवट्याचं चित्र. संस्थेच्या संकेतस्थळावर गेले. शनिवारी दुपारी मी टाकीखाली जाऊन मोबाईलवरचा आकडा घेतला आणि धावत घरी आले, तोवर आकड्याची मुदत संपलेली. पुन्हा मागवला. या वेळी तुझ्या मेहुण्यांना लॅपटॉपसमोर बसवलं आणि टाकीखालून ओरडून आकडा सांगितला. शेजारीण गच्चीवरून म्हणाली, "लॉटरी लागली का बाई?" मी म्हटलं, "लागलीच समजा."

खातं उघडलं. फोटो खिडकीच्या काचेवर चिकटवून त्याचा फोटो काढला आणि चढवला. ब्राउझरची खासगी खिडकी बंद केल्यावर आत काहीही उरत नाही, असं तिथेच लिहिलं आहे. त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी मोठ्याने बोलले. इतकं की तुझे मेहुणे म्हणाले, "हळू. सभा नाही भरलेली."

तुझ्या मदतीशिवाय झालं, हे कळावं म्हणून लिहिलं.

तुझी बहीण


रविवार, १६ मार्च

दादा,

कामगार अधिकारी वर्कशॉपमध्ये आला. तुझ्या मेहुण्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आपला दवाखाना आवडत नाही वाटतं? लांबचे डॉक्टर शोधताय." हातातली वेल्डिंगची काच खाली ठेवायलासुद्धा यांना सुचलं नाही. काच तोंडासमोर धरून उभे राहिले. मला म्हणाले, "बरं झालं, तोंड दिसलं नाही."

मी तशीच वहिनींकडे आले. तू परसात होतास, मला पाहून आत गेलास. मी वहिनींना म्हटलं, "विचारा त्यांना, स्वतःच्या मेहुण्याचं नाव वर पाठवताना काहीच वाटलं नाही का?"

वहिनी म्हणाल्या, "विचारायचं असेल तर आत जा. मला मधे घेऊ नका. दोघं भावंडं एका आईची, आणि निरोप्याची नोकरी मला."

मी गेले नाही. संध्याकाळी त्याच आल्या. दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, "ह्यांनी मला काही सांगितलेलं नाही. पेपर वाचताना स्वतःशीच बोलत होते, मी जवळ बसले होते, एवढंच. म्हणाले, खासगी खिडकीचा पडदा आतल्या बाजूने असतो. घरातल्यांना दिसत नाही, एवढंच काम त्याचं. नाक्यावर पाकीट बंद जातं, पण पाकिटावरचा पत्ता दिसतो. कुठल्या क्वार्टरमधून कुठल्या संकेतस्थळावर, एवढं आपोआप अहवालात जातं. कुणाच्या हातून जात नाही. आणि शेवटी म्हणाले, तिला कुणीतरी आधी विचारायला सांगा."

मी म्हटलं, "मी आधीच विचारलं होतं. लेखी."

वहिनी म्हणाल्या, "हो. ते पत्र त्यांच्या खिशात आहे. शर्ट धुवायला टाकताना काढतात आणि दुसऱ्या शर्टात ठेवतात."

दादा, हे ऐकून मी काय करायचं? मी विरोधकांवर तासभर बोलू शकते. खिशात पत्र ठेवून गप्प बसणाऱ्यावर काय बोलायचं, ते मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

एक गोष्ट तुला आठवत असेल. दवाखान्याने दिलेल्या बाबांच्या शेवटच्या कागदावरही 'तंबाखू' लिहिलं होतं. तू तेव्हा नुकता नोकरीला लागला होतास. कागदावर सही करायला तुलाच बोलावलं, आणि तू केलीस. नसती केलीस तर आईला आणि मला त्याच आठवड्यात क्वार्टर सोडावं लागलं असतं. तेव्हाही मी तुला दोष दिला नाही, आजही देत नाही. ज्याच्या घरात आपण राहतो त्याच्याच दवाखान्यात आपण मरतो, मग सही त्याच्याच पेनने होणार. पण तुझ्या मेहुण्यांच्या कागदावर मला तो शब्द येऊ द्यायचा नाही. त्या कागदावर सही करायला ते मला बोलावतील.

पत्ता न दाखवता पाकीट जाईल, असा रस्ता आहे का? पेपर वाचताना बोल. वहिनी ऐकतील.

तुझी बहीण


गुरुवार, २० मार्च

दादा,

ऐकलं. हा सगळा निरोप वहिनींनी एका दमात सांगितला आणि मग पाणी मागितलं.

टॉर नावाचा ब्राउझर. कच्चा माल घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्याकडून स्टोअरकीपरने तो पेन-ड्राइव्हवर मागवून घेतला आणि टॉवेलात गुंडाळून मला आणून दिला. त्याचा कोडही उघडा आहे. आपलं पाकीट तो तीन हातांतून पुढे सरकवतो. पहिल्याला पाठवणारा ठाऊक असतो, शेवटच्याला पत्ता ठाऊक असतो, आणि दोन्ही कुणालाच ठाऊक नसतं. तो वापरणारी सगळी माणसं बाहेरून होता होईल तितकी एकसारखी दिसावीत अशी त्याची रचना आहे, इतकी की खिडकी ताणून मोठी करू नका म्हणून सांगतात. मला हे फार आवडलं. आजवर मी वेगळं उठून दिसण्यासाठी स्टेजवर चढत आले. इथे गर्दीत मिसळणं हेच बळ आहे.

पण तू जो दुसरा निरोप धाडलास, तोही ऐकला. 'लावू नकोस. कुठे गेलीस ते दिसणार नाही, पण टॉर लावलास एवढं दिसेल. अख्ख्या वसाहतीत एकटीच दिसशील.'

मी लावला. संस्थेत डोकावल्याशिवाय तारीख कळणार कशी? पान उघडायला वेळ लागतो. संकेतस्थळ आधी विचारतं, तुम्ही माणूस आहात का, आणि रस्त्यावरच्या सिग्नलची चित्रं निवडायला लावतं. आपल्या वसाहतीत एकही सिग्नल नाही. तुझे मेहुणे शेजारी बसून खोकल्याच्या मधे मधे सांगतात, "तो खांब धर. तो नको." तारीख अजून आलेली नाही. फोटो पाहिला आहे, तज्ज्ञ ठरवतील, असं लिहिलं आहे.

आणि तू म्हणालास तसंच झालं. कामगार अधिकारी शाळेत आला, मुख्याध्यापकांसमोर बसला आणि माझ्याशी अगदी गोड बोलला. "बाई, वसाहतीत एकाच घरातून न ओळखता येणारी वाहतूक दिसते आहे. एकाच घरातून. काळजी वाटली म्हणून आलो. शनिवारी घरी येतो, लॅपटॉप तपासणीला द्या." मी विचारलं, "कुठल्या नियमाने?" तो म्हणाला, "क्वार्टरच्या नियमाने." त्या लॅपटॉपवर छातीचा फोटो आहे आणि संस्थेचं खातं आहे. तो गेला की तारीख गेली, आणि तारीख गेली की तपासणीच्या दिवशी आम्ही रिकाम्या हाताने उभे राहणार.

काल संध्याकाळी पालकसभेनंतर मी माणसं थांबवली. दारं लावली नाहीत, उघडी दारं कमी संशयास्पद दिसतात. तू नव्हतास, म्हणून सांगते, मी चांगली बोलले. म्हटलं, एका घरात दिवा लागला तर चोर, सगळ्यांच्या घरात लागला तर वस्ती. त्यांना एकाच घराचा लॅपटॉप नेता येतो, सगळ्यांचे नेऊन ठेवायला त्यांच्याकडे खोली नाही. काही बघायचं नसलं तरी लावा. पाककृती बघा, गाणी ऐका, पण टॉरमधून. माना डोलल्या. क्रेनवाल्याने पेन-ड्राइव्ह खिशात घातला. नर्स म्हणाली, "मी आजच लावते."

आज सकाळी अहवालात कोण होतं ते तुला ठाऊक आहे. मी एकटी.

दुपारी मी स्टोअरकीपरला गाठलं. तो म्हणाला, "बाई, तुमचं बोलणं ऐकून अंगावर काटा आला. पण घरी गेल्यावर वाटलं, आधी क्रेनवाल्याने लावू दे." क्रेनवाला म्हणाला, आधी नर्सने लावू दे. नर्स म्हणाली, "तुम्हाला राग येईल, पण खरं सांगू का? तुमच्यामागे आम्ही टाळ्या वाजवायला येतो. या कामाला तुमचे दादा पाहिजेत. त्यांच्या घरात चालू झालं तर आम्ही सगळे लावू. साहेबांच्या घरात चालतं ते चोरीचं कसं असेल?"

मला राग आला नाही. मला तू खुर्ची घडी करताना दिसलास. आरडाओरडा न करता जी माणसं खुर्ची जागेवर ठेवतात, त्यांच्यावर लोक विश्वास ठेवतात. माझ्यावर लोकांचं प्रेम आहे. ते वेगळं.

वहिनी आज आणखी एक गोष्ट बोलून गेल्या. टॉर नाक्यावरच बंद करा, असा आदेश तुला मंगळवारीच आला आहे. तू 'तपासून बघतो' एवढं लिहून तो टेबलावर ठेवला आहेस. तू नको म्हणालास, तरी मी लावल्यावर तो बंद केला नाहीस. म्हणजे तीन दिवस तू माझ्या बाजूने उभा आहेस, फक्त कुणाला दिसणार नाही असा. दादा, आता दिसावं लागेल.

तुला काय गमवावं लागेल ते मी जाणते. निवृत्तीला थोडी वर्षं उरली आहेत, आणि बंगल्याचं दारही त्यांचंच आहे. तुला प्रश्न विचारतील. विभागप्रमुख नव्या ब्राउझरची घरी चाचणी घेतो, हे उत्तर खोटं नाही आणि ते त्यांना खोडता येणार नाही. आदेशावर तूच लिहिलं आहेस, तपासून बघतो. मग तपासून बघ. शनिवारी सकाळी अहवालात दोन घरं दिसतील. तुझ्या दोन्ही बाजूंचे अधिकारी ते पाहतील, नर्स पाहील, तिच्यामागे क्रेनवाला, त्याच्यामागे स्टोअरकीपर टॉवेल काढेल. शनिवारी अधिकारी माझ्या दारात येईल तेव्हा त्याच्या तोंडी 'एकाच घरातून' हे शब्द नसतील. मग न्यायला कारण काय उरलं?

माझ्याशी बोलू नकोस. भेटूही नकोस. मी स्टेजवरून जे बोलले ते विसरायची गरज नाही, मीही विसरलेले नाही. पेन-ड्राइव्ह या पाकिटात आहे. उद्या शुक्रवार. सकाळी कामावर जाण्याआधी तुझ्या स्वतःच्या संगणकावर टॉर सुरू कर, आणि दिवसभर चालू ठेव.

तुझी बहीण